पितळी पुंगळ्या आणि हवालदारांची दाढ

तीस वर्षं मी लोकांच्या तोंडात डोकावतोय. सुपारीची खांडं, तुटलेली टाचणी, एकदा तर शेजाऱ्याच्याच कवळीचा तुकडा, असं काय काय तिथं सापडलं आहे. पण रिव्हॉल्वरच्या काडतुसाची रिकामी पुंगळी मी आजवर एकाच तोंडात पाहिली. ते तोंड आमच्या क्लबच्या हवालदारांचं होतं.

हवालदार रज्जाक कलईगार. मुक्काम उंब्रज. घराण्याचा धंदा भांड्यांना कल्हई करण्याचा, पण हे स्वतः फौजेत गेले आणि तिथं हत्यारं दुरुस्त करण्याच्या कामावर बावीस वर्षं राहिले. निवृत्त झाल्यावर साताऱ्याबाहेरच्या जुन्या दगडखाणीत आमचा नेमबाजीचा क्लब आहे, तिथं दर शनिवार-रविवारी एसटीनं यायला लागले. पगार नव्हता. जाण्यायेण्याचं भाडं, चहा, आणि बदामाच्या झाडाखालची एक लोखंडी खुर्ची एवढीच कमाई. त्या खुर्चीवर बसून हवालदारांनी "पास" म्हटल्याशिवाय क्लबात एकही पुंगळी पुन्हा वापरली जात नसे. कलेक्टर आले असते तरी त्यांना थांबावं लागलं असतं.

माझं म्हणाल तर क्लबात मी गेलो तो बायको म्हणाली "दवाखान्याबाहेरची जरा हवा खा" म्हणून, आणि कार्यवाह झालो तो निवडणुकीच्या सभेला गैरहजर होतो म्हणून. नेमबाजीतली माझी गती इतकीच, की माझ्या शेजारचे लोक आपापलं लक्ष्य भोकं मोजून मगच घरी नेत. कधी कधी त्यांना एखादं जास्तीचं भोक सापडे.

हवालदारांची एक पद्धत होती. ज्याचा नेम जितका वाईट, त्याला तितका मान. बरा नेम असलेल्याला नुसतं नाव. नेम घसरला की "साहेब." अगदीच हाताबाहेर गेला की "सरकार." मला ते "हुजूर" म्हणत. लोणंदच्या शाळेत कवायत शिकवणारी वनिता आमच्यात सगळ्यांत सरस, तिला मात्र थेट "वने" अशी हाक. क्लबचे अध्यक्ष संपतराव, कराडकडचे ऐंशी एकर उसाचे धनी. त्यांना हवालदार "सरकार" म्हणत आणि संपतराव चार वर्षं त्या हाकेनं खूश होते. अर्थ कळला तेव्हा त्यांनी दोन रविवार तोंड दाखवलं नाही.

हवालदारांचं काम समजायला पुंगळीबद्दल थोडं सांगावं लागेल. गोळी उडते आणि तिच्यामागची नळी रिव्हॉल्वरच्या चाकात राहते, तीच पुंगळी. बोटाच्या एका पेराएवढी. पितळेची असते म्हणून पुन्हा पुन्हा भरता येते, आणि आमच्या क्लबकडे तसा रीतसर परवाना होता. पण भरता भरता कधीतरी तिच्या तोंडाशी केसासारखी चीर पडते. मग नवी गोळी तिच्यात ढिली बसते, शेजारची गोळी उडाली की हिसक्यानं पुढं सरकते आणि सगळं चाक अडकून बसतं. सामन्यात असं झालं की संपलं. ती चीर डोळ्यांना चटकन दिसत नाही.

पण ऐकू येते. हवालदार चार-पाच पुंगळ्या मुठीत घेत आणि कानाशी धरून हलवत. सगळ्या धड असल्या तर आवाज घुंगरांसारखा यायचा. एक जरी फुटकी असली तरी मध्येच बद्द व्हायचा. लगेच मूठ उघडून ती ते बाजूला काढत. कल्हईवाल्याचं पोर, लहानपणापासून टिचक्या मारून भांडी ओळखत आलेलं. शंभर पुंगळ्यांना दहा मिनिटं पुरत. तपासण्याआधी त्या धुवायच्या म्हणून ते घरून चिंच घेऊन येत. पितळ चिंचेनं उजळतं हे घरोघरच्या बायकांना ठाऊक असतं. उंब्रजच्या जैतूनबींना, म्हणजे हवालदारांच्या बायकोला, ते जरा जास्तच ठाऊक झालं होतं.

"आमटीत घालायला चिंच न्हाई, आनि ह्यांच्या गोळ्या आंघूळ करत्यात," असं त्या येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवत.

तीनेक वर्षांपूर्वी हवालदारांनी पद्धत बदलली. मुठीनं हलवणं बंद झालं. एकेक पुंगळी उजव्या दाढेत धरायची, नखानं टिचकी मारायची, क्षणभर डोळे मिटायचे, मग ताटात ठेवायची. कुणी विचारलं तर म्हणायचे, "आर्मीत असंच करत्यात." आमच्या क्लबात एखाद्याची वाचा बंद करायला एवढं पुरे होतं. सोनार नाणं चावून बघायचे तसंच काहीतरी असेल म्हणून आम्ही गप्प बसलो. मी दातांचा डॉक्टर, खरं तर मी तरी विचारायला हवं होतं. पण रविवारी मी दातांकडे बघत नाही.

आणि मग संपतराव पुण्याहून निकेलची काडतुसं घेऊन आले.

त्याला कारण त्यांचा पट्टा. संपतरावांनी कमरेला लावायचा चामड्याचा पट्टा करून घेतला होता, त्यात काडतुसं खोचायला ओळीनं घरं. पितळी काडतुसं पावसाळाभर त्यात राहिली आणि दसऱ्याला पूजेसाठी बाहेर काढली तेव्हा सगळी हिरवी झालेली. चामडं, घाम आणि पितळ एकत्र नांदत नाहीत. त्यांच्या सूनबाईंना तर वाटलं सासऱ्यांनी पट्ट्यात मिरच्या खोचल्यात. निकेलचा मुलामा दिलेल्या पुंगळ्यांना असलं काही होत नाही. त्या चांदीसारख्या चमकतात, चिंच मागत नाहीत, आणि गोळ्या उडवून झाल्या की चाकातून आपोआप घसरून खाली पडतात. पितळीला कधी कधी अंगठ्यानं ढकलावं लागतं.

"हवालदार, बघा तरी," संपतरावांनी डबी उघडून धरली. "लोन्यासारखी निसटतीया."

हवालदारांनी एक उचलली, उन्हात फिरवली आणि परत ठेवली. "आमी भांड्याला कल्हई आतनं करतो, सरकार. आत जेवान असतंय म्हनून. हे बाहेरनं केल्यालं दिसतंय. बाहेरनं कल्हई म्हंजे पाव्हण्यांसाठी."

"आवं पन गंजत न्हाई."

"न्हाई गंजत. पन कडक हाय. पितळ मऊ असतंय, ताणलं तरी सोसतंय. ही चार येळा भरली की तोंडाला चिरनार."

दोघांचंही बरोबर होतं, त्यामुळे भांडण मिटायचं काही कारण नव्हतं. पुढं दोन महिन्यांवर सांगलीच्या क्लबाशी आमचा दरवर्षीचा सामना होता. जिंकणाऱ्याला एक तांब्याची घागर मिळते. ती हवालदारांच्या वडिलांनी कल्हई करून दिलेली आणि सलग दोन वर्षं सांगलीकरांकडे अडकलेली. सामन्याला पितळ न्यायचं की निकेल, हे ठरवायला कार्यकारिणीची बैठक बसली. ती हवालदारांनी हट्टानं उंब्रजला स्वतःच्या घरी बोलावली. जेवणावर बोलावलं की मतं आपल्या बाजूला पडतील असा त्यांचा हिशोब असावा. रस्सा झकास होता. पण वाढायला आलेल्या जैतूनबींनी वाद ऐकला, पळी हातात धरून मध्येच उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "ती पांढरी आपोआप उजळ ऱ्हात्यात नव्हं? मग तीच घ्या. एक वरीस तरी माझी चिंच घरात ऱ्हाऊ द्या."

त्यांना मत नव्हतं, पण वजन होतं. चार विरुद्ध तीन मतांनी निकेल पास झालं. संपतरावांनी मागवलेल्या पुंगळ्या सरावात दोन-तीनदा वापरून झाल्या होत्या. त्याच पुंगळ्या हवालदारांनी तपासायच्या, पुन्हा भरायच्या आणि सामन्याला न्यायच्या असं ठरलं. हवालदारांनी मान डोलावली. त्यांचा चेहरा मला हरलेल्या माणसाचा न वाटता भ्यालेल्या माणसाचा वाटला. पण रस्सा खरंच झकास होता आणि मी जास्त विचार केला नाही.

त्याच आठवड्यात हवालदार गालाला रुमाल बांधून माझ्या दवाखान्यात आले. तोंड उघडलं तर आत फारशी वस्ती उरली नव्हती. पुढचे चार-सहा दात हलणारे, आणि धड म्हणावी अशी जोडी एकच. उजवीकडची वरची दाढ आणि तिच्यासमोरची खालची. त्यातली खालची आतून किडलेली, मुळाशी पू झालेला.

"ही काढावी लागेल," मी म्हणालो.

"न्हाई."

"हवालदार, पू झालाय."

"हू द्या."

मी आरशाकडे वळलो आणि माझ्या कोपराचा धक्का लागून अवजारांची स्टीलची थाळी त्यांच्या पाठीमागे फरशीवर पडली. केवढा आवाज! बाहेर बसलेला पेशंट घाबरून उठून उभा राहिला. आणि हवालदार शांतपणे तोंड उघडं ठेवून छताकडे बघत होते.

मी त्यांच्यासमोर येऊन बसलो. त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं, मग खाली पडलेल्या थाळीकडे पाहिलं. दोघांनाही काय झालं ते कळलं.

"किती दिवस?" मी विचारलं.

"तीन वरसं. डावा आधीच गेल्ता. उजवा मागनं गेला. बंदुकीशेजारी जल्म काढल्यावर दुसरं काय व्हनार!"

कुणालाच कसं कळलं नाही, याचं मला तेव्हा नवल वाटलं. पण रेंजवर सगळेच कानांवर झाकणं लावून हातवारे करत असतात. तिथं बहिरा कोण हे कळणार कसं? आणि घरी? "जैतूनला न्हाई कळलं," ते म्हणाले. "मी तिचं आधीबी ऐकत नव्हतो."

मग त्यांनी खिशातून एक पितळी पुंगळी काढली आणि मला दाढेची भानगड समजावून सांगितली. कान गेल्यावर मुठीतला आवाज गेला. एक दिवस सहज पुंगळी दाढेत धरून टिचकी मारली तर झिणझिणी कानशिलापर्यंत गेली. फुटकी धरली तर गेली नाही. तेव्हापासून ते दाढेनं ऐकत होते.

"वरची एक, खालची एक, म्हनून चाललंय. एक काढली तर दुसरी कुनाशी बोलनार?"

"आणि निकेलची?"

"ती निसटती वो दाढंतनं. जिभंवरच जाती. आनि चिरती बी लवकर. म्हंजे चिरनार जास्त आनि मला कळनार कमी." त्यांनी पुंगळी पुन्हा खिशात टाकली. "हुजूर, ही दाढ गेली की माझी खुर्ची गेली. लोक च्या देतील मला, मान बी देतील. पन पुंगळी देनार न्हाईत हातात."

मी पेचात पडलो. डॉक्टर म्हणून मला बोलता येत नव्हतं, कार्यवाह म्हणून गप्प बसता येत नव्हतं. शेवटी परीक्षा घ्यायची ठरवलं. क्लबातून वीस पितळी पुंगळ्या आणल्या, त्यांत दोन फुटक्या मिसळल्या आणि त्यांच्यापुढं ठेवल्या. त्यांनी अकराव्याला एक काढली, सतराव्याला दुसरी काढली, आणि वर म्हणाले, "ह्या फुटक्या मीच मागं टाकल्या हुत्या. तुमी कचऱ्यातनं उचलून आनल्या व्हय?" कानांचा डॉक्टर असलेल्या एका मित्राला मी नाव न सांगता हा प्रकार विचारला. तो म्हणाला, असलं बहिरेपण असेल तर हे शक्य नाही. हवालदारांना हे कळवण्याची मला गरज वाटली नाही.

मी औषधं दिली आणि ठरलं की सांगलीचा सामना होईपर्यंत दाढही राहील आणि गुपितही राहील. त्यानंतर दाढ काढायची आणि क्लबाला सांगायचं. शूर माणसं निर्णय घेतात, माझ्यासारखी माणसं तारीख देतात.

सामन्याच्या आदल्या आठवड्याचा शनिवार. चार नेमबाज, प्रत्येकी तीस गोळ्या, म्हणजे एकशेवीस पुंगळ्या तपासायच्या होत्या. हवालदार सकाळी आठला खुर्चीवर बसले. आम्ही सगळे आसपास होतो, कारण संपतरावांनी सगळ्यांसाठी मिसळ मागवली होती. निकेलची पहिलीच पुंगळी दाढेतून सुटून त्यांच्या मांडीवर पडली. दुसरी धरली, टिचकी मारली, निसटली, पुन्हा धरली. रुमालाच्या टोकात धरून पाहिली, पण मग कापडानं झिणझिणी खाल्ली असावी, कारण त्यांनी मान हलवून रुमाल ठेवून दिला. दाढ जास्त जोरानं आवळली तरच पुंगळी जागेवर राहत होती. आणि ती दाढ तर मुळातून दुखत होती. प्रत्येक पुंगळीला त्यांच्या डोळ्यांत पाणी येत होतं.

"मिसळ तिखट हाय व्हय?" संपतरावांनी विचारलं. हवालदारांनी मिसळीला हात लावलेला नव्हता.

बारा वाजेपर्यंत ब्याण्णव झाल्या. त्यांतल्या तीन फुटक्या निघाल्या. गाल लिंबाएवढा सुजला होता. मी दोनदा जवळ जाऊन "पुरे" अशी खूण केली, त्यांनी दोनदा मला हातानं लांब सारलं. त्र्याण्णवावी पुंगळी त्यांनी दाढेत घेतली, आवळली, आणि कट्ट असा आवाज झाला. तो आम्ही सगळ्यांनी ऐकला. त्यांनी नाही ऐकला. ते टिचकी मारायला नख पुढं नेत होते, तेव्हा त्यांना कळलं. हळूच तळहात तोंडापुढं धरला. त्यावर अर्धी दाढ आली आणि मागोमाग पुंगळी आली. पुंगळीवर ओरखडासुद्धा नव्हता.

सगळ्यांचं एकदम "अरारारा" झालं. कुणी पाणी आणलं, कुणी मीठ आणलं. मला सगळ्यांनी पुढं ढकललं, जणू मी दाढ जागेवर बसवणार होतो. संपतराव माणूस मनानं चांगला. ते म्हणाले, "ऱ्हाऊ द्या आता, हवालदार. अठ्ठावीसच ऱ्हायल्यात. बघितल्यासारख्याच हायत. तुमी नुसतं पास म्हना, भरायला घेतो."

हवालदार त्यांच्या ओठांकडे बघत होते. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. एका शब्दात सगळं निभावलं असतं. खुर्ची राहिली असती, मान राहिला असता, आणि निदान त्या दिवशी तरी कुणाला काही कळलं नसतं. मी आपला बदामाच्या झाडाची पानं मोजत होतो. मला वाटलं म्हणतील ते "पास." खरं सांगतो, मला वाटलं म्हणावंसुद्धा.

ते उभे राहिले. फौजेत उभे राहतात तसे, टाचा जुळवून. तोंडात रक्त होतं म्हणून एकदा थुंकून आले.

"ह्या अठ्ठावीस पास न्हाईत," ते म्हणाले. "मला ऐकू येत न्हाई. तीन वरसं झाली. दाढंनं काम चालवत हुतो, ती आता गेली. आजपतोर ज्या दिल्या त्या तपासून दिल्या. ह्या तपासलेल्या न्हाईत."

त्यानंतर जी शांतता पसरली ती आम्हाला जड गेली. त्यांना ती नेहमीचीच असणार. त्यांनी खिशातून फुटकी पितळी पुंगळी काढली, ती ते नमुना म्हणून कैक वर्षं बाळगत होते, आणि वनिताच्या हातावर ठेवली. मग पिशवी उचलली, तोंडावर रुमाल धरला आणि खाणीच्या चढानं रस्त्याकडे निघाले. मी धावत जाऊन त्यांना गाडीत बसवलं, दवाखान्यात नेलं, दाढेचं उरलेलं मूळ काढलं.

त्या अठ्ठावीस पुंगळ्या आम्ही सात जणांनी भिंग लावून संध्याकाळपर्यंत बघितल्या आणि आमचं एकमत एकीवरही झालं नाही. शेवटी त्या सोडून दिल्या. तीन फुटक्या वगळता हवालदारांनी पास केलेल्या एकोणनव्वद होत्या, आणि कमी पडल्या तिथं त्यांचंच जुनं तपासलेलं पितळ घेतलं. ते पितळ वनितानं स्वतःकडे घेतलं.

सांगलीच्या सामन्याला हवालदार आले नाहीत. आणि आता जे सांगायचं ते त्यांच्या हयातीत मी फारसं मोठ्यानं सांगितलं नसतं. निकेल चांगलं निघालं. संपतरावांनी जन्मात मारला नव्हता असा नेम त्या दिवशी मारला. पुंगळ्या चाकातून खरोखर लोण्यासारख्या निसटत होत्या. वनिताची एक पितळी पुंगळी मात्र चाकात अडकली, ती तिनं शांतपणे अंगठ्यानं ढकलली आणि पुढच्या पाचही गोळ्या मधोमध घातल्या. मी कुणाला धोका होऊ नये म्हणून संघात नव्हतोच. घागर आम्ही जिंकली.

परतताना रस्ता उंब्रजवरूनच. कुणी कुणाला न विचारता गाडी आत वळली. हवालदार ओट्यावर बसले होते. एका बाजूचा गाल अजून सुजलेला. संपतराव घागर घेऊन पुढं झाले आणि मोठ्यानं ओरडून सगळी हकिकत सांगायला लागले. तीन घरांपलीकडची माणसं बाहेर आली.

"वरडू नगा," हवालदार म्हणाले. "तोंडाकडं बघतोय मी. वरडल्यावर तोंड वाकडं हुतंय, मग काय समजत न्हाई."

संपतरावांनी आवाज उतरवला आणि सामन्यात मिळालेले आपले गुण सांगितले. हवालदारांनी ते पुन्हा सांगायला लावले. मग घागर हातात घेतली, आत बोट फिरवलं. "दोन वर्सं कल्हई केली न्हाई सांगलीवाल्यांनी. बाहेरनं तेवढी घासून ठेवलीया." घागर खाली ठेवून त्यांनी ओट्यावरची चटई झटकली आणि म्हणाले, "ये, संपत. बस."

ऐंशी एकरांचा धनी, पण त्याचे डोळे भरून आले. आत जाऊन त्यांनी जैतूनबींना दोनदा सांगितलं, "मला संपत म्हनले." त्या म्हणाल्या, "मग तुमचं नाव काय दुसरं हाय व्हय?"

निघताना वनिता हवालदारांसमोर जाऊन उभी राहिली. त्यांना नीट दिसेल असं हळू बोलली. "रविवारी या. फुटकीचा आवाज मला अजून नीट कळत नाही."

"मी येऊन काय करू? मला कुठं ऐकू येतंय?"

"मी हलवीन. तुम्ही बसा."

"बसून काय करू?"

तरी पुढच्या रविवारी ते आले. त्यानंतरही येत राहिले. जैतूनबी सांगत, की निघताना पिशवीत पुन्हा चिंच असायची, कारण वनिता पितळच वापरायची.

हवालदार पुढच्या वर्षी थंडीत गेले. आजारपण वगैरे काही नाही, दुपारी जेवून आडवे झाले ते उठले नाहीत. मी बातमी ऐकली तेव्हा कुणाच्या तरी दाढेत सिमेंट भरत होतो. पेशंटला थोडा वेळ बाहेर बसवून मी आत एकटाच रडलो. क्लबात आता दोन्ही पुंगळ्या चालतात. संपतरावांच्या पट्ट्यात निकेल असतं, वनिताच्या डब्यात पितळ. भांडण अजून मिटलेलं नाही आणि मिटू नये असं मला वाटतं.

पण मी त्यांना शेवटचं पाहिलं ते त्याआधीच्या एका रविवारी. त्यांची नवी कवळी घेऊन मी खाणीत उतरलो होतो. त्यांनी ती बसवली, खिशातली एक पुंगळी सवयीनं तिच्यात धरली, टिचकी मारली. काही झालं नाही. कवळी काढून रुमालात बांधत ते म्हणाले, "शेंगदान्याला बरी हाय, हुजूर." आणि पुन्हा वनिताकडे वळले.

तिनं मुठीत पाच पुंगळ्या घेतल्या होत्या आणि कानाशी धरून ती त्या हलवत होती. हवालदार तिच्या मुठीकडे बघतच नव्हते. ते तिच्या चेहऱ्याकडे बघत होते. एक मूठ झाली, दुसरी झाली. तिसऱ्या मुठीला ते एकदम म्हणाले, "हितं हाय. फुटकी हाय ह्यात."

वनिता चकित झाली. "मी अजून बोललेसुद्धा नाही!"

"तुझी भुवई हलली."

तिनं एकेक करून पाहिल्या. चौथी फुटकी निघाली. ती बाजूला टाकली, उरलेल्या चार पुन्हा कानाशी हलवल्या आणि सवयीनं त्यांच्यापुढं धरून विचारलं, "पास?"

हवालदारांनी हात पुढं केला नाही. "मला काय इचारतीस? तू म्हन."

ती थोडी घुटमळली. मग म्हणाली, "पास."

ते त्यांनी ओठांवरून वाचलं आणि पुढची मूठ भरायला ताट तिच्याकडे सरकवलं.